मास्तर थांबतात

चार-पाच वर्षांची पोरं एका शब्दाशी झटतायत. शब्द आहे 'मामाँ', म्हणजे आई. फ्रेंच वळणदार लिपीतलं 'म' हे अक्षर लहान हाताला मोठं जाचक. ओळीने तीन कमानी काढायच्या, त्या एका उंचीच्या यायला हव्यात, आणि बोटं तर अजून आपलंच ऐकत नाहीत. लिहून झाल्यावर मास्तर एकेकाचं 'मामाँ' बाकीच्यांपुढे ठेवतात आणि विचारतात, हे कसं झालंय? मग पोरांचं पंचमंडळ बसतं. कुणी चटकन पसंती देऊन मोकळं होतं, कुणी जरा निरखून नाक मुरडतं. मास्तर कुणाचंही मत खोडून काढत नाहीत. पुढच्याला विचारतात. सगळ्यांचं विचारून होईपर्यंत बराच वेळ जातो आणि एवढ्या वेळात शिकवून काय झालं म्हणाल, तर एक शब्द.

'एत्र ए आव्वार' या माहितीपटाच्या सुरुवातीच्या भागातला हा प्रसंग. चित्रपट कसा पाहायचा आणि शाळा कशी पाहायची, हे दोन्ही तो एकदमच सांगून टाकतो. त्या पाचसात मिनिटांत अक्षरओळख चालली आहे असं वाटतं. थोडं थांबून पाहिलं की आणखी एक गोष्ट चाललेली दिसते: दुसऱ्याच्या कामाकडे नीट बघायचं, आपलं मत द्यायचं, आणि आपल्या कामाबद्दल दुसऱ्याचं मत ऐकताना रडायचं नाही. यातलं काहीही मास्तर बोलून दाखवत नाहीत.

निकोला फिलिबेर यांचा हा चित्रपट २००२ सालचा, १०४ मिनिटांचा. नाव दोन क्रियापदांचं आहे, 'असणे' आणि 'जवळ असणे'. फ्रेंच मुलं ती शाळेत अगदी सुरुवातीला चालवायला शिकतात. मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न या डोंगराळ, गुराढोरांच्या मुलुखात सँत-एत्येन-स्युर-यूसों नावाचं लहानसं गाव आहे. तिथली प्राथमिक शाळा एकवर्गी. चार वर्षांच्या बाळांपासून दहा-अकरा वर्षांच्या, पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जाणाऱ्या मुलांपर्यंत सगळी मिळून तेरा, खोली एक आणि मास्तर एक, जॉर्ज लोपेझ. फिलिबेर यांनी शंभराहून जास्त शाळा पायाखाली घातल्या, तेव्हा ही निवडली. कारण साधं होतं. मुलं मोजकी असली की प्रत्येकाचा चेहरा प्रेक्षकाच्या लक्षात राहतो, आणि वर्गात उजेड चांगला होता. चौघांचा चमू घेऊन ते डिसेंबर २००० ते जून २००१ या काळात तिथे येत-जात राहिले. फ्रान्समध्ये जवळजवळ अठरा लाख लोकांनी हा चित्रपट थिएटरात जाऊन पाहिला. माहितीपटासाठी हा आकडा अचाट आहे. त्यात गोष्ट नाही, खलनायक नाही, एखादा वाया गेलेला पोरगा शेवटी पहिला नंबर काढतो असलंही काही नाही. लोकांनी पाहिला तो एक मास्तर पोरांना शिकवताना.

फिलिबेर यांनी त्याआधी बहिऱ्यांच्या जगावर एक चित्रपट केला होता, एका मनोरुग्णालयावर एक केला होता. पुढे २०२३ मध्ये पॅरिसमधल्या, सीन नदीवर तरंगणाऱ्या एका मनोरुग्ण-केंद्रावरच्या चित्रपटाला बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सुवर्ण अस्वल मिळालं. हा दिग्दर्शक नेहमी अशा जागी जाऊन बसतो जिथे बोलणं सहज होत नाही, शब्द शोधावा लागतो. प्राथमिक शाळा ही तशीच जागा. तिथे प्रत्येकजण दिवसभर शब्दच शोधत असतो.

पडद्यावर पहिल्यांदा शाळा येतच नाही. येतो बर्फाचा मारा आणि त्यातून हाकली जाणारी गुरं. मग रिकामा वर्ग दिसतो, आणि त्याच्या फरशीवरून दोन कासवं आपल्या चालीने निघालेली. कासवं म्हटल्यावर कुणालाही वाटेल, झालं, प्रतीक आलं. मलाही ते दृश्य किंचित बेतलेलं वाटतं. पण बेतलेलं असलं तरी त्याचा उपयोग आहे. शहरातून धावतपळत आलेल्या प्रेक्षकाला ते खुर्चीत नीट बसवतं. इथली लय विलंबित आहे, द्रुताची वाट बघू नका, असं गायक पहिल्या दोन आवर्तनांत सुचवतो तसं. नंतर शाळेची गाडी बर्फातल्या रस्त्यांवरून एकेका वस्तीवरचं पोर गोळा करत येते आणि वर्ग भरतो.

निवेदक नाही. पडद्याआडचा कुठलाही भारदस्त आवाज आपल्याला ग्रामीण शिक्षणाची स्थिती समजावून सांगत नाही. कॅमेरा बराच वेळ मुलांच्या उंचीवर असतो, त्यामुळे मास्तर पुष्कळदा आधी आवाज म्हणून येतात, मग हात म्हणून, मग वाकून खाली आलेला चेहरा म्हणून. लोपेझ यांना छोटी दाढी आहे, चष्मा आहे आणि कधीही न चढणारा आवाज आहे. तो आवाज नुसता गोड म्हणावा तर तसं नाही. 'हो' म्हणणाऱ्या पोराला ते थांबवतात आणि 'हो, सर' म्हणायला लावतात. एका गुंड्याला चित्र रंगवायचं काम दिलंय. मधली सुट्टी आली तरी ते अर्धंच, कारण सकाळभर साहेबांचं लक्ष जगातल्या बाकी सगळ्या वस्तूंकडे होतं. मास्तर रागवत नाहीत. तुझं-माझं काय ठरलं होतं, एवढंच विचारतात. पोरगा इकडेतिकडे बघतो. मास्तर तोच प्रश्न पुन्हा त्याच आवाजात विचारतात. शेवटी ठरलेलं काय होतं ते पोरालाच उच्चारावं लागतं, आणि ते एकदा त्याच्या तोंडून निघालं की सुट्टी गेली हे सांगण्याची गरज उरत नाही. शिक्षा म्हणावी असं त्यात काही नाही, आणि सुटकाही नाही. आपल्याकडे अशा वेळी एक धपाटा तरी बसला असता किंवा 'जा बाबा, जा खेळायला' तरी झालं असतं. या दोन्हींच्या मधला रस्ता किती लांबचा असतो, ते हे दृश्य दाखवतं.

याच गुंड्याबरोबरचा दुसरा प्रसंग चित्रपटातला सर्वांत प्रसिद्ध. आकडे कुठपर्यंत मोजता येतात, यावर मास्तर आणि तो बोलतायत. शंभरपर्यंत? त्याच्या पुढे जाता येईल का? हजार? त्याच्याही पुढे? पोरगा दर टप्प्यावर आता संपले असं समजतो आणि दर टप्प्यावर मास्तर त्याला आणखी एक पाऊल पुढे ढकलतात, लाखांवर, कोटींवर. अनंत ही कल्पना चार वर्षांच्या मुलाला समजावून सांगता येत नाही, पण तिच्यात त्याला चालवत नेता येतं, एका वेळी एक आकडा करत. मधेच त्याचं लक्ष खिडकीबाहेर जातं, परत येतं. गणिताचा इतका चांगला तास मी पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही आणि प्रत्यक्षातही क्वचितच. त्यात एकही उत्तर दिलं जात नाही.

आता ते भांडण. थोरल्यांपैकी दोन मुलं आपसांत मारामारी करून बसलीत. मास्तर दोघांना समोर बसवतात. इथे कॅमेरा हलत नाही, संकलकही घाई करत नाही. चित्रपटाचं संकलन फिलिबेर यांनी स्वतःच केलं आणि त्याला संकलनाचाच सेझार पुरस्कार मिळाला. तो या दृश्यासाठी तरी नक्कीच योग्य होता, कारण या दृश्याचं सारं कौशल्य कुठे कापायचं नाही हे कळण्यात आहे. मास्तर विचारतात, का मारलंस? उत्तर नाही. आपण थिएटरात अस्वस्थ होतो. दुसरा कुठलाही दिग्दर्शक इथे दुसऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर गेला असता, खिडकी दाखवली असती. फिलिबेर आपल्याला त्या गप्प बसलेल्या दोघांसमोरच ठेवतात. मुलं खाली बघतात. मास्तर थांबतात. मग एक अर्धं वाक्य येतं, पुन्हा शांतता. हळूहळू कुणी काय बोललं, कुणाला काय झोंबलं, ते बाहेर पडतं. पुढच्या वर्षी तुम्ही दोघं मोठ्या शाळेत एकत्र असणार, तिथे तुम्हाला एकमेकांशिवाय कोण आहे, असं मास्तर त्यांना सुचवतात. इथली धाकटी पोरं तुमच्याकडे बघून शिकतात, हेही सांगतात. दिलजमाईचं हस्तांदोलन वगैरे होत नाही. मुलांना ते तितकंसं पटल्यासारखं दिसत नाही आणि हे त्या दृश्याचं मोठं इमान आहे.

शाळेची गुणवत्ता हा विषय आपल्याकडे निघाला की बोलणं लगेच वाचन-लेखन-भागाकाराच्या टक्केवारीवर जातं. ती टक्केवारी महत्त्वाची आहे, मी तिची टवाळी करणार नाही. मजकूर वाचता न येणारं पाचवीतलं मूल ही खरी आपत्ती आहे. पण प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत शिक्षक किती वेळ देतो, हे मोजायचं तर त्याला तक्ता नाही. माझ्या मते हा चित्रपट त्याच एका गोष्टीचं मोजमाप आहे. तेवढ्या वेळात मुलाच्या चेहऱ्यावर काय काय होतं, ते फिलिबेर दाखवतात: आधी उत्तर माहीत असल्याचा आव, मग तो ओसरतो, मग भीती, मग कंटाळा, आणि कंटाळ्याच्या पलीकडे कधीकधी खरोखरचा विचार. घाईतला शिक्षक दुसऱ्या पायरीवरच स्वतः उत्तर देऊन मोकळा होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या एकवर्गी शाळेत परकं वाटण्यासारखं फार थोडं आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत पहिली-दुसरी एका गुरुजींकडे, तिसरी-चौथी दुसऱ्यांकडे हे नित्याचं. त्यातले एक गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की चारही वर्ग एकाकडे. याला आपल्याकडे 'बहुवर्ग अध्यापन' असं नाव आहे आणि ते बहुधा अडचणीच्या यादीत येतं. लोपेझ यांच्या वर्गात तीच अडचण भांडवल झालेली दिसते. थोरली मुलं श्रुतलेखन करतायत तेव्हा धाकटी आपल्या टेबलाशी रंगवतात, आणि ऐकतातही. थोरल्यांना धाकट्यांचं काही ना काही बघावं लागतं. मिळून पॅनकेक उलटायचे, अंडी फोडायची, बर्फावरून घसरायचं. दोन चिमुरडी झेरॉक्स मशीनशी एकटीच लढतात, पुस्तक उपडं ठेवायचं, झाकण लावायचं, कागद कुठून येतो ते शोधायचं. कुणी मोठं माणूस मदतीला येत नाही, कॅमेरासुद्धा नाही.

अर्थात फरक विसरून चालणार नाही. लोपेझ यांच्या टेबलावर पोषण आहाराची नोंदवही नाही, दुपारी अपलोड करायची माहिती नाही, मतदार याद्यांचं काम नाही. तेरा मुलांसाठी एक पूर्ण वेळचा, अनुभवी, पगाराची चिंता नसलेला शिक्षक ठेवणं हा एका श्रीमंत देशाचा निर्णय आहे. २०२३ मध्ये आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायची कल्पना पुढे आली, तेव्हा बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिलं गेलं. मैदान, प्रयोगशाळा, विषयवार शिक्षक हे सगळं मोठ्या शाळेत मिळेल, हा मुद्दा खोटा नाही. हा चित्रपट त्या वादाचा निकाल लावत नाही. तो फक्त दाखवतो की लहान शाळा बंद होते तेव्हा वर्गखोलीबरोबर आणखी काय बंद होतं. गाव शाळेत कसं येतं ते बंद होतं, आणि शाळा घरी कशी जाते तेही.

शाळा घरी कशी जाते, याचं दृश्य या चित्रपटातलं सर्वांत विनोदी. आधी आपण एका मुलाला ट्रॅक्टर चालवताना पाहतो. शेतातल्या कामात तो पक्का गडी आहे. मग संध्याकाळ, स्वयंपाकघरातलं टेबल, गृहपाठाला मोठा गुणाकार. आई शेजारी बसलीय. हातचा कितीचा, यावर दोघांचं एकमत होत नाही. एक टपली बसते. मग वडील डोकावतात. मग घरातलं आणखी कुणी, आणखी कुणी. बघता बघता सगळं घर त्या वहीभोवती गोळा होऊन गुणाकारावर हिरीरीने भांडू लागतं, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. ज्याचा गृहपाठ आहे तो पोरगा मधोमध, यांचं कधी संपतंय याची वाट बघत. फिलिबेर हसत नाहीत, हसवण्यासाठी काही करतही नाहीत, टेबलाच्या कडेला उभे राहतात एवढंच. शेतकऱ्याचं घर गणितात कच्चं आहे, ही त्यातली गंमत नव्हेच. आपापली कामं टाकून सगळं घर एका चौथी-पाचवीच्या गणितात अडकतं, यात त्या शाळेचं गावातलं स्थान कळतं. पालकसभेच्या इतिवृत्तातून ते कधीच कळणार नाही.

एका ठिकाणी मात्र मी दिग्दर्शकाबरोबर नाही. थोरल्यांपैकी एका मुलाच्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. मास्तर त्याला त्याबद्दल विचारतात आणि मुलगा बोलता बोलता रडू लागतो. मास्तर जे बोलतात ते अगदी नेमकं आहे: आजार हा आयुष्याचा भाग आहे, त्याच्यासह राहावं लागतं, अशा आशयाचं. खोटा दिलासा नाही. पण कॅमेरा तिथे का थांबला? भांडणाच्या दृश्यात जो संयम गुण ठरतो तोच इथे मला घुसखोरीसारखा वाटतो. मास्तरांनी विचारलं कारण ते मास्तर होते. आपण कोण? या प्रश्नाला चित्रपटाकडे उत्तर नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलाची संमती म्हणजे नेमकं काय, हेही तो विचारत नाही.

पुढे जे झालं त्याने हा प्रश्न उघडाच पडला. चित्रपट एवढा चालल्यावर लोपेझ यांनी निर्मात्यांवर दावा लावला आणि अडीच लाख युरो मागितले. त्यांचं म्हणणं, पडद्यावर दिसणारे पाठ माझे, ती माझी निर्मिती, म्हणून या चित्रपटाचा मीही एक कर्ता. २००४ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने दावा फेटाळला. पुष्कळांना तेव्हा मास्तर लोभी वाटले, पडद्यावरचा सोज्ज्वळ माणूस खोटा होता की काय अशी कुजबुज झाली. मला तो दावा कायद्याच्या नव्हे तर कलेच्या अंगाने विचार करण्यासारखा वाटतो. 'मामाँ'चा तो तास कुणाचा? कॅमेरा लावणाऱ्याचा, शिकवणाऱ्याचा, की एकमेकांच्या कमानी तपासणाऱ्या पोरांचा? मास्तरांचं कसब इतकं अदृश्य आहे की ते 'केलं' असं कुणाला वाटतच नाही. ते नुसतेच तिथे होते असं वाटतं. चांगल्या प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला हे नेहमीच येतं.

लोपेझ स्वतःबद्दल एकदाच बोलतात. संपूर्ण चित्रपटात कॅमेऱ्याकडे तोंड करून झालेली मुलाखत ती तेवढीच. वडील आंदालुसियातून आलेले शेतमजूर, आई फ्रेंच, आणि लहानपणापासून शिक्षक व्हायची ओढ. मजुराच्या मुलाला मास्तर होण्याची किंमत माहीत असते, हे आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. पस्तीस वर्षं शिकवून झालीत, निवृत्ती दीड वर्षावर आलीय. मुलांना ते हे सांगतात, तेव्हा मुलं त्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. मुलांच्या हिशेबात दीड वर्ष म्हणजे अनंताच्या आसपासचंच काहीतरी.

सगळ्यात अवघड विद्यार्थिनी एक मोठी मुलगी. ती जवळजवळ बोलतच नाही. आई मास्तरांना भेटायला येते आणि तिच्या बोलण्यातून कळतं की घरीही हे असंच आहे. वर्ष संपताना मास्तर त्या मुलीला बाहेर घेऊन बसतात. मोठ्या शाळेत काय होईल, तिथे कुणाशी बोलायचं, याबद्दल बोलतात आणि शनिवारी येऊन मला भेटत जा, असं सांगतात. वर्षभर तिला बोलतं करण्यात ते यशस्वी झाले असं चित्रपट म्हणत नाही. शनिवारची वेळ देणं एवढंच त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी केलं. गुणवान शिक्षकाच्या कामाला मर्यादा असते, हे इतक्या सरळपणे सांगणारे शिक्षणावरचे चित्रपट थोडे. बहुतेक चित्रपटांत असा मास्तर वर्षाअखेर त्या मुलीकडून भाषण करवून घेतो.

शेवट निरोपाचा. मुलं एकेक करून मास्तरांच्या गालाला गाल लावून जातात आणि वर्गात ते एकटे उरतात, डोळ्यांत पाणी. प्रेक्षक इथे रडतात. मी मात्र हा शेवट जरा सोपा मानतो. त्याच्या थोडं आधी एक प्रसंग आहे. पुढच्या वर्षी येणारी तीन-तीन वर्षांची बाळं एक दिवस शाळा बघायला आली आहेत. त्यांतलं एक आईसाठी भोकाड पसरतं आणि काही केल्या थांबत नाही. बाकीची शाळा आपली चालू. मास्तर समजूत घालतात, तरी ते रडतंच. संकलकाच्या खुर्चीवर मी असतो तर चित्रपट तिथेच संपवला असता, ते बाळ रडत असतानाच.